विभक्त झाल्यावर इंदूरमध्ये शासकीय मदतीचा पहिला अर्ज

नवऱ्यापासून वेगळे राहू लागलेल्या इंदूरच्या मराठी बाईला पहिला सल्ला पुष्कळदा पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांकडून येतो, की ‘लाडकी बहीण’चा किंवा ‘संजय गांधी निराधार’चा अर्ज भर. या दोन्ही योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी असल्यामुळे इंदूरच्या पत्त्यावर त्या लागू होत नाहीत. मध्य प्रदेशात सुरुवात समग्र आयडीपासून, म्हणजे राज्य शासनाच्या कुटुंब-नोंदणीतील क्रमांकापासून, करावी लागते.

समग्रमध्ये कुटुंबाचा 8 अंकी आणि प्रत्येक सदस्याचा 9 अंकी क्रमांक असतो. तुमचे नाव सासरच्या परिवार आयडीत राहील, तोवर शासनाच्या लेखी तुम्ही त्याच घरात आहात, आणि पात्रता ठरवताना त्या घराचे उत्पन्न तुमच्या नावासमोर उभे राहते. म्हणून अन्य कोणताही अर्ज करण्यापूर्वी नगर निगमच्या आपल्या झोन कार्यालयात जाऊन स्वतःचे, व मुले तुमच्याजवळ राहात असल्यास त्यांचेही, नाव सासरच्या परिवारातून वेगळे करून घ्यावे. सोबत आधार कार्डे आणि नव्या पत्त्याचा पुरावा न्यावा. काम लवकर व्हावे म्हणून कोणी अगदी नवी सदस्य आयडी काढून देऊ लागला, तर नको म्हणावे, कारण एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी झाल्या की ई-केवायसी अडते आणि ती दुरुस्ती मूळ कामाहून किचकट ठरते. माहेरी राहात असाल, पण खर्च आणि चूल खरोखर वेगळी असेल, तर आई-वडिलांच्या परिवारात नाव न घालता स्वतंत्र परिवाराची नोंद मागावी.

बँक खाते एकट्याच्या नावाचे असावे. थेट जमा होणारी शासकीय रक्कम आधारशी त्या कामासाठी जोडलेल्या एकाच खात्यात जाते, आणि ते खाते नवऱ्याबरोबरचे संयुक्त खाते असू शकते. त्यामुळे कोणते खाते जोडलेले आहे, याची बँकेत आधी खात्री करावी.

यानंतर परित्यक्ता पेन्शन. राज्याच्या सामाजिक सुरक्षा पेन्शनमध्ये 18 ते 59 वर्षे वयाच्या, दारिद्र्यरेषेखालील परित्यक्ता स्त्रीला दरमहा 600 रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, हे खरेच. तरीही दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आले की रेशनच्या पात्रता पर्चीची, म्हणजे रेशनचे धान्य मिळण्यासाठी लागणाऱ्या चिठ्ठीची, वाटही मोकळी होते, त्यामुळे हा खटाटोप करण्याजोगा आहे. खरी अडचण पुराव्याची असते, कारण घटस्फोटाचा हुकूमनामा असतो, तसा नुसत्या वेगळे राहण्याचा कोणताही कागद आपोआप तयार होत नाही. पोलिसांत दिलेल्या तक्रारीची पोच, न्यायालयात दाखल केलेल्या अर्जाची प्रत आणि शपथपत्र जपून ठेवावे.

न्यायालयातील अर्ज, म्हणजे पोटगीचा, पुराव्यापलीकडेही महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते त्याला विलंब करू नये. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील पोटगीच्या कलम 125 ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली आहे. नवरा देवासला असो वा मुंबईला, तुम्ही इंदूरला राहात असाल तर अर्ज इंदूरच्या कुटुंब न्यायालयात करता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा, असे कायदा सांगतो, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे उशीर केलेल्या महिन्यांची भरपाई सहसा होत नाही. याच कलमातली एक तरतूद बायकांना फार उशिरा कळते: दोघे परस्परसंमतीने वेगळे राहात असतील, तर पत्नीला या कलमाखाली पोटगी मिळत नाही. म्हणून चार नातेवाईक बसवून ‘आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत’ अशा स्टॅम्प पेपरवर सही मागितली गेली, तर वकिलाला दाखविल्याशिवाय ती करू नये. वकिलाची फी ही अडचण मानू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा 15100 वर फोन करावा.

मुलांसाठी मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतील प्रायोजकता, म्हणजे मुलाच्या संगोपनासाठीची मासिक मदत, आहे. घटस्फोटित वा कुटुंबाने टाकून दिलेल्या आईच्या मुलांचा त्यात स्पष्ट उल्लेख असून, शहरात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 96,000 रुपयांपेक्षा जास्त नसल्यास प्रत्येक मुलामागे दरमहा 4,000 रुपये मंजूर होऊ शकतात. अर्ज जिल्हा बाल संरक्षण युनिटकडे जातो आणि निर्णय समिती घेते. परित्यक्ता पेन्शनच्या कितीतरी पट असलेली ही रक्कम पुष्कळजणींच्या कानावरही आलेली नसते, म्हणून आपण होऊन विचारावे.

प्रत्येक ठिकाणी अर्जाची पोच घ्यावी. काम अडले तर त्या क्रमांकासह सीएम हेल्पलाइन 181 वर तक्रार नोंदवावी. तरीही हलले नाही, तर मंगळवारी मोती तबेल्यातील कलेक्टर कार्यालयाच्या जनसुनवाईत (लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकल्या जातात तिथे) सर्व पोचपावत्यांच्या प्रती जोडून लेखी अर्ज द्यावा आणि त्या अर्जाचीही पोच मागून घ्यावी.