बोगनवेलीची छाटणी करताना या चुका टाळा

पुण्यात सोसायट्यांच्या कुंपणांवर बोगनवेल जागोजागी दिसते. परंतु तिला पाने आणि काटेच फार, फुले मात्र नाहीत, ही तक्रारही तितकीच ऐकू येते, आणि पुष्कळदा तिचे कारण चुकीच्या वेळी केलेली छाटणी हे असते. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती रंगीत पाने असून त्यांच्या मधोमध असलेली बारीक पांढरट नळी हे तिचे खरे फूल होय. हा बहर नव्या फुटव्यांच्या शेंड्याकडे येतो. त्यामुळे दिवाळीनंतर वेल अस्ताव्यस्त दिसते म्हणून शेंडे छाटले, तर येऊ घातलेली फुलेच कापली जातात.

मोठी छाटणी मेअखेरीस, उन्हाळी बहर ओसरल्यावर आणि पावसाच्या आधी उरकावी, कारण भर पावसात कापलेल्या जाड फांद्यांच्या जखमा लवकर सुकत नाहीत आणि तिथून कूज शिरते. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला की फक्त शेंडे खुडावेत, म्हणजे बाजूचे फुटवे सुटतात. त्यानंतर कात्री लावू नये.

मेंदीच्या कुंपणासारखी ही वेल वरवर भादरणे हीसुद्धा मोठी चूक आहे. बाहेर पानांची भिंत तयार होते आणि आत वाळक्या काड्यांचा गुंता साचतो. आधी वाळलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढाव्यात. उरलेल्या फांद्या बाहेरच्या बाजूला असलेल्या डोळ्याच्या (म्हणजे जिथून नवा फुटवा निघतो त्या जागेच्या) साधारण अर्धा सेंटिमीटर वर, धारदार कात्रीने तिरक्या कापाव्यात. माझ्या गच्चीतल्या वेलीवर मी एकदा बोटभर लांबीचे खुंट ठेवले होते. ते डोळ्यापर्यंत वाळत गेले आणि सगळे पुन्हा कापावे लागले.

छाटणी नीट होऊनही फुले येत नसतील, तर पाणी आणि युरिया (पाने वाढवणारे नत्रखत) जास्त होत नाही ना, ते तपासावे. ऑक्टोबरनंतर वेलीला थोडा ताण द्यावा, कुंडीतली वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी घालावे. सावलीतल्या वेलीला मात्र कितीही छाटले तरी फुले धरत नाहीत.

छाटलेल्या फांद्यांविषयी कळकळीने सांगावेसे वाटते. बोगनवेलीचा काटा म्हणजे रूपांतरित फांदीच; तो वाळला तरी टणकच राहतो, आणि कचरा हाताने निवडणाऱ्या माणसाच्या तळव्यात खोलवर रुतू शकतो. म्हणून चामडी हातमोजे घालून फांद्यांचे वीतभर तुकडे करावेत, ते जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून खोके दोरीने बांधावे आणि कचरा नेणाऱ्या ताईंना देताना, ‘ताई, यात काटे आहेत,’ असे आवर्जून सांगावे.