जुन्या डॉट नेटवरून नव्यावर जाताना पुस्तकं कशी निवडावीत

डॉट नेट फ्रेमवर्कवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर बनवण्याच्या जुन्या प्लॅटफॉर्मवर, वर्षानुवर्षं काम केलेल्या प्रोग्रामरला ‘शून्यापासून शिका’ छापाचं जाडजूड पुस्तक सुचवणाऱ्यांचा मला राग येतो. निम्मं पुस्तक व्हेरिएबल, लूप आणि क्लासमध्येच संपतं. आणि जिथे तो खरोखर अडणार असतो, तिथे लेखक दोन ओळींत पुढे सरकतो. अनुभवी माणसासाठी पुस्तक निवडायचं असेल तर सुरुवात पुस्तकापासून करू नका, आपल्या कोडपासून करा.

आधी आवृत्ती ठरवा. सम आकड्याच्या आवृत्त्यांना तीन वर्षं सपोर्ट मिळतो. डॉट नेट ८ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतो, म्हणून आज सुरुवात करणाऱ्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली डॉट नेट १० धरावी.

मग कोडमध्ये जुन्या डॉट नेटच्या खुणा शोधून एक यादी करा: वेब फॉर्म्स (वेब पानं बनवण्याची जुनी पद्धत), डब्ल्यूसीएफ (सर्व्हिस बनवण्याची जुनी पद्धत), सेशन, एचटीटीपीकॉन्टेक्स्ट डॉट करंट, वेब डॉट कॉन्फिग, एंटिटी फ्रेमवर्क ६ (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी), बायनरीफॉरमॅटर. यातलं जे जे सापडेल ते कागदावर. पुढचं सगळं या कागदावर अवलंबून आहे, तो टाळू नका.

प्रकाशनवर्ष बघा. पुस्तकात प्रोजेक्ट डॉट जेसन ही फाइल दिसली तर ते नव्या डॉट नेटच्या अगदी पहिल्या काळातलं आहे, लगेच बाजूला ठेवा. सगळी उदाहरणं स्टार्टअप डॉट सीएस या फाइलवर असतील तर ते बहुधा डॉट नेट ६ च्या, म्हणजे नोव्हेंबर २०२१ च्या आधीचं. ती पद्धत अजून चालते, त्यामुळे बाकीचं पुस्तक उत्तम असेल तर तेवढ्यावरून नाकारू नका.

आता खरी अवघड पायरी: हे पुस्तक नवशिक्यासाठी आहे की स्थलांतर करणाऱ्यासाठी, हे ओळखणं. मलाही हीच पायरी सर्वांत जड गेली, कारण अनुक्रमणिका फसवते. मिडलवेअर, कॉन्फिगरेशन, डिपेंडन्सी इंजेक्शन (क्लासला लागणारे ऑब्जेक्ट बाहेरून पुरवणं) ही प्रकरणं प्रत्येक पुस्तकात असतातच. म्हणून अनुक्रमणिका सोडा, मागची शब्दसूची उघडा आणि आपल्या कागदावरचा एकेक शब्द तिथे शोधा. वेब फॉर्म्स नव्या डॉट नेटमध्ये आलेलंच नाही, ती पानं रेझर पेजेस किंवा ब्लेझरमध्ये नव्याने लिहावी लागतात. हे स्पष्ट सांगणारा लेखक स्थलांतर करणाऱ्याला ओळखतो. काय गेलं आणि त्याच्या जागी काय आलं यावर जो गप्प बसतो, त्याचं पुस्तक कितीही गाजलेलं असो, तुमच्या कामाचं नाही.

त्यानंतर डिपेंडन्सी इंजेक्शनचं प्रकरण सावकाश वाचा. जुन्या कोडमध्ये स्टॅटिक क्लासची सवय लागलेली असते, त्यामुळे माणूस नव्यात आल्यावर बेधडक सगळं सिंगलटन, म्हणजे ॲप्लिकेशनभर एकच ऑब्जेक्ट, म्हणून नोंदवतो. त्या सिंगलटनच्या कन्स्ट्रक्टरमध्ये डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी व्यवहार करणारा ऑब्जेक्ट) घेतला, की गडबड सुरू. डीबीकॉन्टेक्स्टचं आयुष्य मुळात एका रिक्वेस्टपुरतं. डेव्हलपमेंटमध्ये चालवताना एरर येते, पण प्रॉडक्शनमध्ये ही तपासणी मुळात बंद असते. मग एकच डीबीकॉन्टेक्स्ट ॲप्लिकेशन बंद होईपर्यंत अडकून राहतो आणि एकाच वेळी आलेल्या रिक्वेस्ट त्याच्यावर आदळतात. तो एकाच वेळी अनेक थ्रेडनी वापरण्यासाठी बनवलेलाच नाही. सिंगलटन, स्कोप्ड (एका रिक्वेस्टपुरता), ट्रान्झियंट (दर वेळी नवा) यांच्या तीन व्याख्या देऊन थांबणारं पुस्तक घेऊ नका. एकात दुसरं अडकलं की काय होतं, हे कोडसह दाखवणारं घ्या.

दुसरी कसोटी लेझी लोडिंगची, म्हणजे जोडलेली माहिती लागेल तेव्हाच डेटाबेसमधून आणण्याची. एंटिटी फ्रेमवर्क ६ मध्ये नॅव्हिगेशन प्रॉपर्टी व्हर्च्युअल असली की ऑर्डरवरून ग्राहकाचं नाव आपोआप मिळायचं. त्याच्या नव्या रूपात, म्हणजे ईएफ कोअरमध्ये, ही सोय मुद्दाम चालू करावी लागते, नाहीतर तीच ओळ नल रेफरन्सवर आपटते. यावर निदान एक परिच्छेद हवाच.

तिसरी असिंकची, म्हणजे उत्तराची वाट बघत थ्रेड अडवून न ठेवणाऱ्या कोडची. टास्कवर ‘रिझल्ट’ मागितला की डेडलॉक (दोन्ही बाजू एकमेकींची वाट बघत कायम अडकणं), हे जुन्या एएसपी डॉट नेटमध्ये, म्हणजे डॉट नेटच्या वेबसाइट बनवण्याच्या भागात, हमखास घडायचं. नव्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये असिंक काम मूळ जागी परत आणणारा सिंक्रोनायझेशन कॉन्टेक्स्ट नसतो, त्यामुळे तो डेडलॉक होत नाही. मात्र थ्रेड अडकून पडतात आणि गर्दीच्या वेळी साइट रेंगाळते. जुनंच स्पष्टीकरण जसंच्या तसं छापणाऱ्या लेखकाने नव्या प्लॅटफॉर्मवर फारसं काम केलेलं नाही असं मी समजतो.

सी शार्प या भाषेसाठी वेगळं पुस्तक घ्यावं, आणि ते लहान चालेल. फ्रेमवर्कवरचा कोड बहुधा सी शार्प ७.३ वर थांबलेला असतो. त्यानंतरचे नलेबल रेफरन्स टाइप्स, रेकॉर्ड आणि पॅटर्न मॅचिंगमधली पुढची भर एवढं आलं की पुरे.

प्रत्येक आवृत्तीत नेमकं काय मोडलं याच्या याद्या मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत कागदपत्रांत असतात. त्या पुस्तकात शोधू नका, छापून येईपर्यंत त्या जुन्या होतात.

सगळ्या टीमसाठी एकदम प्रती मागवू नका. एक प्रत घ्या आणि सर्वांत जुना कोड ज्याला पाठ आहे त्याच्या हातात द्या. यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे त्याने पान क्रमांक लिहावा. जे शब्द कोरे राहतील त्यांच्यासाठी दुसरं पुस्तक शोधायचं की कागदपत्रांवर भागवायचं, ते मग ठरवा.