हाताची थरथर मोजायची तर मोटर नंतर, सेन्सर आधी

हात थरथरला तरी टोक स्थिर ठेवणाऱ्या सर्जिकल उपकरणांवर काम करायला येणारी मुलं बहुधा मोटरच्या प्रेमात पडून आलेली असतात. कार्नेगी मेलन विद्यापीठात कॅमरन रिव्हिएर यांच्या गटाने बनवलेल्या 'मायक्रॉन'बद्दल वाचलेलं असतं: डोळ्याच्या पडद्यावरच्या शस्त्रक्रियेसाठीचं, पेनासारखं धरायचं उपकरण, ज्याचं टोक थरथरीच्या उलट दिशेने हलतं. आकर्षक आहेच. पण खरं घोडं अडतं ते मोजमापात.

निरोगी माणसाचा हातही साधारण 8 ते 12 हर्ट्झने थरथरतो, मग तो सर्जन का असेना. 10 हर्ट्झ आणि 50 मायक्रॉन (मिलीमीटरचा विसावा भाग) आयाम धरून त्वरण काढा, जवळपास 0.2 मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. आता उपकरण फक्त 1 अंश कललं, तर आडव्या अक्षावर गुरुत्वाकर्षणाचे 0.17 मीटर प्रति सेकंद वर्ग येतात. एक्सेलेरोमीटरला, म्हणजे त्वरण मोजणाऱ्या सेन्सरला, दोन्ही सारखंच! हळू कलणं फिल्टरने काढता येईल. पण थरथरीतही उपकरण त्याच 10 हर्ट्झने कलत असतं, त्याचं काय? म्हणून सुरुवातीच्या मायक्रॉनच्या एका आवृत्तीत एक्सेलेरोमीटरच्या जोडीला मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रावरून दिशा सांगणारे सेन्सर, होते. पुढे त्यांनी उपकरणावर एलईडी लावून बाहेरच्या डिटेक्टरने जागा मोजायला सुरुवात केली. त्यात मध्ये काही आडवं आलं की मोजमाप बंद, ही नवी डोकेदुखी.

पहिल्या आठवड्यात सेन्सर टेबलावर ठेवा, हात लावू नका, डेटा घ्या आणि त्वरणावरून जागा काढायला दोनदा इंटिग्रेट करा. सेन्सरच्या शून्यात 0.01 मीटर प्रति सेकंद वर्गाची चूक असली तरी सेकंदात 5 मिलीमीटर, 10 सेकंदांत अर्धा मीटर. जागचा न हललेला सेन्सर टेबलाखाली पोचलेला पाहिला की ड्रिफ्ट म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरा वैरी म्हणजे उशीर. 10 हर्ट्झचं एक आवर्तन 100 मिलीसेकंदांचं. दुरुस्ती 17 मिलीसेकंद उशिरा पोचली तर थरथर होती तेवढीच राहते, त्याहून उशीर झाला तर चक्क वाढते. त्यामुळे जलद बदल गाळून टाकणारा साधा लो-पास फिल्टर इथे कामाचा नाही, तो स्वतःच उशीर करतो. थरथरीची वारंवारता आणि फेज (आवर्तनात ती कुठे आहे ते) धरत पुढचा अंदाज बांधणारे ॲडाप्टिव्ह अल्गोरिदम लागतात. इंटर्न निवडताना मी मशीन लर्निंगचं काही विचारत नाही, फेज लॅग, म्हणजे उशिरामुळे सिग्नल आवर्तनात किती मागे पडतो ते, कागदावर काढायला सांगतो. इन्स्ट्रुमेंटेशनची मुलं इथे पुढे असतात, मेकॅनिकलवाल्यांनी सिग्नल प्रोसेसिंगचा एक कोर्स आधी उरकून घ्यावा.

आणि डेटा घेताना हात हवेत अधांतरी धरू नका. डोळ्याचा सर्जन मनगट टेकवून काम करतो, शिवाय उपकरण डोळ्याच्या पांढऱ्या भागातल्या छोट्या छिद्रातून आत जातं, तिथेच ते टेकतं आणि तिथेच फिरतं. मोकळ्या हाताची थरथर वेगळीच असते. डोळ्याच्या जागी रबरी बॉल घेऊन, त्याला छिद्र पाडून, मनगटाखाली आधार देऊन घेतलेला डेटा दिसायला कमी भारी दिसेल, पण सर्जनसमोर ठेवता येईल.