दातांच्या दवाखान्याचे केसपेपर संगणकावर कसे आणावेत

दवाखाना डिजिटल करायचं ठरलं की पहिली धाव स्कॅनरकडे जाते. कपाटातले सगळे केसपेपर स्कॅन करायला घेतात, आणि निम्म्यावर आले की उत्साह संपतो. सुरुवात दुसऱ्या टोकाने करा, म्हणजे आज खुर्चीत बसणाऱ्या पेशंटपासून.

आधी सॉफ्टवेअर. विकणारा चकचकीत आलेख दाखवेल, तुम्ही मात्र विचारा: उद्या तुमचं सॉफ्टवेअर सोडायचं झालं तर माझी माहिती मला कोणत्या स्वरूपात मिळेल? एक्स-रे डायकॉम स्वरूपात, म्हणजे वैद्यकीय प्रतिमांच्या सर्वमान्य फाइल-स्वरूपात, बाहेर काढता येतील का? नोंद कोणी, कधी बदलली हे दिसेल का? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं बोलणंच नको. खोटी नावं घालून दहा पेशंट तयार करा आणि अपॉइंटमेंटपासून पावतीपर्यंत सगळं एकदा करून बघा.

मग दातांच्या क्रमांकाची पद्धत बघा. ही बाब किरकोळ वाटते, पण सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. एफडीआयच्या, म्हणजे दंतवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या, दोन अंकी पद्धतीत १६ म्हणजे वरची उजवी पहिली दाढ. अमेरिकेत चालणाऱ्या १ ते ३२ च्या पद्धतीत तोच १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. तुमच्या कागदांवर एक पद्धत आणि सॉफ्टवेअरमध्ये मुळातच दुसरी निवडलेली असेल, तर चुकीच्या दाढेवर उपचार लिहिला जाईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. पहिली नोंद करण्याआधी ही सेटिंग तपासा. दुधाच्या दातांचंही बघा. एफडीआयमध्ये ते ५१ पासून ८५ पर्यंत जातात.

आता एक तारीख पक्की करा. त्या दिवसापासून नवी नोंद फक्त संगणकावर. जुना कागद वाचायचा, त्यावर लिहायचं नाही. अर्धं इथे, अर्धं तिथे असा कारभार नुसत्या कागदापेक्षा वाईट. पहिले काही दिवस अपॉइंटमेंट थोड्या कमी घ्या.

जुन्या पेशंटचा कागद तो पुढच्या वेळी येईल तेव्हा काढा. औषधांची ॲलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, अर्धवट राहिलेली रूट कॅनाल आणि बाकी रक्कम या गोष्टी टाइपच करायच्या. स्कॅन केलेल्या पानावर ‘पेनिसिलिन चालत नाही’ असं लिहिलेलं असलं, तरी ते वाचून संगणक तुम्हाला सावध करणार नाही. टाइप केलेलं डॉक्टरांनी स्वतः, पेशंटला विचारून, तपासावं. बाकीची पानं, संमतीपत्रं ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) पीडीएफ करून ठेवली की पुरे.

एक्स-रे फिल्म साध्या स्कॅनरवर काळीच येते. तिला मागून उजेड लागतो, म्हणून पारदर्शक फिल्म घेणारा स्कॅनर वापरा. तोंडात ठेवून काढलेल्या छोट्या फिल्मच्या कोपऱ्यात एक बारीक उंचवटा असतो. तो दरवेळी एकाच बाजूला ठेवा. फिल्म उलटी पडली तर डावं उजवं होतं.

ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने कीबोर्डला हात लावायचा नाही, हेही आधीच ठरवा. डॉक्टरांनी सांगावं, सहायकाने टाइप करावं. हिरड्यांच्या तपासणीत प्रत्येक दाताभोवती हिरडी किती खोल सुटली आहे याची सहा मापं असतात, म्हणजे ३२ दातांची १९२. ती सांगण्याचा क्रम दोघांनी आधी सरावाने बसवून घ्या, नाहीतर पहिल्याच पेशंटला तासभर तोंड उघडून बसावं लागेल.

बॅकअपच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक दवाखान्याबाहेर. एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी, कारण खंडणी मागणारा व्हायरस जोडलेला बॅकअपही कुलूपबंद करतो. महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर उघडून बघा.

शेवटी कपाट. कागद किती वर्षं जपायचे हे आपल्या देशाच्या कायद्यावर ठरतं, आणि लहान मुलांच्या नोंदींचा नियम अनेक ठिकाणी वेगळा असतो. मुदत संपलेले कागद रद्दीत देऊ नका. कागदाचे बारीक तुकडे करणाऱ्या श्रेडरमधूनच काढा, आणि कोणते कागद कधी नष्ट केले त्याची यादी ठेवा.