अमेरिकेतून कॅनडात स्नोमोबिल घेऊन जाताय? या चुका टाळा

मिशिगन, मिनेसोटा किंवा मेनमध्ये राहणाऱ्यांना घराजवळ स्नोमोबिलचे, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीचे, ट्रेल (आखलेल्या वाटा) असतात, पण बर्फाचा भरवसा नसतो. म्हणून जानेवारी लागला की ट्रेलर जोडून लोक उत्तरेला निघतात. ओंटारियोमध्ये ओएफएससी या क्लबांच्या महासंघाचं सुमारे ३०,००० किलोमीटरचं जाळं आहे, आणि क्वेबेकमध्ये तिथल्या एफसीएमक्यू या महासंघाचं त्याहून थोडं मोठं. अमेरिकेतली मराठी मंडळीही आता या सहलींना जातात. त्यांतल्या फसलेल्या सहली पाहिल्या तर बर्फाने दगा दिलेल्या थोड्या आणि घरून निघतानाच बिघडलेल्या जास्त. म्हणून या लेखात स्लेड (म्हणजे स्नोमोबिल) चालवण्याइतकाच भर कागदपत्रं, ट्रेलर आणि सुट्या भागांवर आहे.

व्हिसाचं शेवटी बघू म्हणणं

भारतीय पासपोर्ट असलेल्याला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, मग तो अमेरिकेत एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा) असो वा एफ-१वर (विद्यार्थी व्हिसा). अमेरिकेचा व्हिसा कॅनडाच्या नाक्यावर चालत नाही. अर्जाचे १०० कॅनडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५. पैशांपेक्षा वेळ जास्त जातो, कारण बोटांचे ठसे देण्याची वेळ घ्यायची, मग पासपोर्ट पाठवायचा. फेब्रुवारीत जायचं असेल तर अर्ज दिवाळीच्या सुमारास करून टाका. ग्रीनकार्डवाल्यांना व्हिसा लागत नाही, पण मुदतीतलं ग्रीनकार्ड आणि मुदतीतला पासपोर्ट दोन्ही जवळ हवेत. नुसतं ग्रीनकार्ड खिशात टाकून निघालेले नाक्यावरून परत फिरतात.

भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर त्यांचा कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. मुलं एकाच पालकाबरोबर जात असतील तर दुसऱ्या पालकाचं सहीचं संमतिपत्र आणि त्यांचा फोन नंबर बरोबर ठेवा. अधिकारी विचारेलच असं नाही, पण विचारलं आणि पत्र नसलं तर अर्धा दिवस तिथेच जातो.

परतीचीही एक बाजू आहे. पासपोर्टवरचा अमेरिकी व्हिसाचा शिक्का संपला असेल, पण आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) मुदतीत असेल, तर कॅनडात ३० दिवसांपेक्षा कमी राहून ‘ऑटोमॅटिक व्हिसा रीव्हॅलिडेशन’खाली परत येता येतं. त्यासाठी आय-९४ ची छापील प्रत, आय-७९७ (एच-१बी मंजुरीची नोटीस) किंवा सहीचं आय-२० (विद्यार्थ्याला कॉलेज देतं तो फॉर्म) जवळ ठेवा. मात्र त्याच सहलीत कॅनडातल्या अमेरिकी दूतावासात नव्या शिक्क्यासाठी अर्ज केलात, तर ही सवलत हातची जाते आणि शिक्का मिळेपर्यंत तिकडेच थांबावं लागतं. ‘जातोच आहोत तर स्टॅम्पिंगही उरकू’ हा विचार या सहलीला जोडू नका.

अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झाली असेल तर कॅनडा प्रवेश नाकारू शकतो. डिसेंबर २०१८ पासून तिथला कायदा या गुन्ह्याला गंभीर गुन्हा मानतो. तात्पुरत्या प्रवेशासाठी टेम्पररी रेसिडेंट परमिट मिळू शकतं, पण ते आधी मागायचं असतं.

विमा आणि परमिट गृहीत धरणं

अमेरिकेच्या अनेक राज्यांत स्नोमोबिलला विमा सक्तीचा नाही, त्यामुळे कित्येकांकडे तो नसतोच. ओंटारियोमध्ये किमान दोन लाख डॉलरचा आणि क्वेबेकमध्ये दहा लाखांचा तृतीय पक्ष विमा कायद्याने लागतो. विमा कंपनीला फोन करून दोन गोष्टी स्पष्ट विचारा: स्लेडची पॉलिसी कॅनडात लागू आहे का, आणि ओढणाऱ्या गाडीसाठी कॅनडाचं अनिवासी विमाकार्ड मिळेल का. हे कार्ड बहुतेक कंपन्या फुकट देतात. आरोग्यविमाही तपासा. अमेरिकेतला नोकरीचा विमा सीमेपलीकडे किती पैसे देतो हे योजनेगणिक बदलतं, आणि पाय मोडल्यावर ते शोधत बसायला कुणालाच वेळ नसतो.

ट्रेल परमिट माणशी नसून स्लेडगणिक आहे. दोन स्लेड, दोन परमिटं. मिशिगनचं परमिट ओंटारियोत चालत नाही, ओंटारियोचं क्वेबेकमध्ये चालत नाही. ऑनलाइन घ्या आणि मिळालेला कागद छापून जवळ ठेवा; ट्रेलच्या तोंडाशी फोनला रेंज असेल या आशेवर राहू नका.

स्लेड मित्राची असेल तर नोंदणीच्या कागदाबरोबर मालकाचं सहीचं पत्र घ्या. भाड्याची असेल तर सीमेपार नेण्याची परवानगी करारात लिहून घ्या. ट्रेलरची नोंदणी वेगळी असते, ती बरेच जण घरी विसरतात. पहिलीच खेप असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: गाडीने जा आणि स्लेड तिकडेच भाड्याने घ्या. ट्रेलर, स्लेडची कागदपत्रं आणि दुरुस्ती यांतली निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

नाक्यावरच्या चुका

गांजा ओंटारियोतही कायदेशीर आहे आणि मिशिगनमध्येही, पण सीमा ओलांडून नेणं गुन्हा आहे. डब्यात उरलेली गांजाची एक गोळीसुद्धा. दारू माणशी १.१४ लिटर किंवा वाइन १.५ लिटर किंवा बिअर ८.५ लिटर, यांपैकी एकच. वय ओंटारियोत १९ पूर्ण हवं, क्वेबेकमध्ये १८. मित्राची पिकअप घेऊन जात असाल तर ग्लोव्हबॉक्स आणि सीटखालची जागा घरीच रिकामी करा. विसरलेलं पिस्तूल किंवा माणसांवर वापरायचा मिरचीचा फवारा सापडला तर सहल तिथेच संपते. चकल्या, लाडू, लोणचं यांपैकी जे असेल ते विचारल्यावर सांगून टाका.

तारीख निवडतानाही लोक चुकतात. फेब्रुवारीतला तिसरा सोमवार अमेरिकेत प्रेसिडेंट्स डे आणि ओंटारियोत फॅमिली डे असतो. मिशिगन-ओंटारियो सीमेवरच्या सू सेंट मरीच्या पुलावर रांग, ओंटारियोतल्या वावामधल्या मोटेली भरलेल्या, पंपांवर स्लेडची गर्दी. जमत असेल तर आठवडा मागेपुढे करा.

गोठलेल्या तळ्यावरून सीमा ओलांडता येईल असं वाटतं, कारण बर्फावर कुंपण नसतं. मिनेसोटा-ओंटारियो सीमेवरच्या लेक ऑफ द वूड्ससारख्या ठिकाणी जीपीएसवर नजर ठेवा. हद्द ओलांडून दुसऱ्या देशात उतरायचं असेल तर त्या देशाला कळवावंच लागतं. न कळवता परत येणं अमेरिकी नागरिकाला दंडावर निभावू शकेल. एच-१बीवाल्याचं स्टेटस त्यात अडकू शकतं.

ट्रेलर

बर्फाच्या रस्त्यावर मीठ मारलेलं असतं. उघड्या ट्रेलरवर पुढची ढाल नसेल तर आठ तासांत ते खारं पाणी क्लच आणि सस्पेन्शनमध्ये शिरतं. ढाल लावा, पोहोचल्यावर कोमट पाण्याने धुऊन पुसा. निघण्यापूर्वी चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरा, हिचचा गोळा आणि कपलरचं माप एकच आहे का बघा, दिव्याच्या चार पिनांच्या प्लगला डायलेक्ट्रिक ग्रीस लावा. एक स्लेड भरल्या टाकीसह २५० किलोच्या घरात जाते. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. कमी आला तर ट्रेलर डुलायला लागतो. ट्रेलरचं जादा चाक सगळे ठेवतात, पण त्याचा पाना गाडीच्या पान्यापेक्षा वेगळा असतो हे ओंटारियोच्या हायवे १७ च्या कडेला, अंधारात कळतं.

बेल्ट का तुटतो

बेल्ट म्हणजे पुढच्या आणि मागच्या क्लचला जोडून इंजिनाची ताकद ट्रॅकपर्यंत (स्लेड पुढे ढकलणाऱ्या खालच्या रुंद पट्ट्यापर्यंत) पोहोचवणारा रबरी पट्टा. तो तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण सकाळची घाई आहे. रात्री दमट बर्फावर उभी केलेली स्लेड सकाळी उणे ३० ला जमिनीला चिकटलेली असते. बेल्ट थंडीने कडक झालेला असतो. चालवणारा थ्रॉटल दाबतो, ट्रॅक जागचा हलत नाही, पुढचा क्लच मात्र बेल्टवर घासत राहतो. त्या दोन-तीन सेकंदांत बेल्टवर एक जळका चट्टा पडतो आणि तो दुपारी शंभर किलोमीटरवर तुटतो. म्हणून रात्री स्कींखाली आणि ट्रॅकखाली लाकडी पट्ट्या ठेवा. सकाळी इंजिन पाच मिनिटं चालू द्या, स्की हाताने हलवून सोडवा, मागचा भाग उचलून आपटा आणि पहिले दोन किलोमीटर हळू जा.

सुटा बेल्ट बरोबर हवाच, आणि तो घरी कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवलेला. रस्त्यात बदलण्याची पद्धत अशी. इंजिन बंद करून टेथर (सुरक्षेची दोरी, ती काढली की इंजिन चालू होत नाही) काढा, पार्किंग ब्रेक लावा. बाजूचं पॅनेल आणि क्लचचं झाकण काढा. बेल्टच्या टूलने मागच्या क्लचच्या तबकड्या फाकवा. जुना बेल्ट आधी मागच्या क्लचवरून काढा, मग पुढच्या. पूर्ण तुटला असेल तर पुढच्या क्लचमागे क्रँकशाफ्टच्या सीलभोवती दोऱ्यांचे गुंते बसतात. पक्कडीने शेवटचा धागाही ओढून काढा. राहिलेला धागा सील कापतो, आणि मग दुरुस्ती बेल्टची राहत नाही, इंजिनाची होते. तबकड्या कोरड्या फडक्याने पुसा, नवा बेल्ट बाणाच्या दिशेने आधी पुढे आणि मग मागे बसवा, टूल काढा. पुढचे ५० किलोमीटर पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

दुसराही बेल्ट त्याच दिवशी गेला तर दोष बेल्टचा नाही. क्लचची रेषा किंवा इंजिनाचे माउंट बिघडलेत, तिसरा बेल्ट घालून पुढे जाऊ नका.

बर्फ कमी, तापमान जास्त

पाण्यावर थंड होणाऱ्या स्लेडला ट्रॅकने उडवलेला बर्फच थंड ठेवतो. कडक गोठलेल्या ट्रेलवर किंवा वाऱ्याने साफ झालेल्या तळ्यावर बर्फ उडत नाही, तापमानाचा दिवा लागतो आणि रेल्सवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वितळतात. आइस स्क्रॅचर (बर्फ खरवडून उडवणाऱ्या काड्या) खाली सोडा. ते साधे ताठ प्रकारचे असतील तर रिव्हर्स घेण्याआधी वर उचला, नाहीतर वाकतात. दिवा लागलाच तर कडेच्या मऊ बर्फात थोडं अंतर चालवा.

पेट्रोलचा हिशेब कागदावर करा. लिटरला पाच-सहा किलोमीटर आणि ३६ ते ४० लिटरची टाकी म्हणजे दोनशे किलोमीटर, असं सगळे धरतात. ताज्या खोल बर्फात हाच आकडा तिसऱ्या हिश्श्याने घटतो. दोन पंपांमधलं अंतर १३० किलोमीटरच्या वर असेल तर जादा कॅन घ्या आणि पंप किती वाजता बंद होतो ते आदल्या दिवशी फोन करून विचारा.

अंग, डोकं, फोन

उणे २० तापमानात ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याला अंगाला उणे ३६ जाणवतं, आणि उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. आत सुती कपडे नकोत, घाम धरून ठेवतात. ओढणी किंवा लांब मफलर नको, फिरत्या भागात अडकतो. गळ्यालगतचा नेकवॉर्मर वापरा. कानातले आणि मंगळसूत्र काढून ठेवा. धातू थंडी थेट कातडीला लावतो आणि हेल्मेट काढताना ओढलाही जातो. गरम होणाऱ्या व्हायझरची वायर तुटते, जादा ठेवा. लेक सुपीरियरच्या काठी मैलोन्‌मैल फोन लागत नाही, गटात एकाकडे तरी सॅटेलाइट मेसेंजर हवा.

लाल ट्रेल

ओएफएससीच्या नकाशात हिरवी ट्रेल उघडी, पिवळी मर्यादित आणि लाल बंद. लाल ट्रेलवर ताजे ट्रॅक दिसले म्हणून आत शिरू नका. तळ्यावरचा बर्फ तपासलेला नसतो, आणि जमीनमालकाने नाराज होऊन परवानगी काढून घेतली तर पूर्ण ट्रेल सगळ्यांसाठी जाते. स्नोमोबिलसाठी कॅनडियन रेडक्रॉस २५ सेंटिमीटर बर्फ सांगते, तोही निळसर, स्वच्छ. पांढरा, दुधी बर्फ निम्म्या ताकदीचा धरा. ओंटारियोच्या ट्रेलवर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर आहे, क्वेबेकमध्ये ७०. मैल आणि किलोमीटरची गल्लत करू नका. समोरून ग्रूमर (ट्रेल सपाट करणारा ट्रॅक्टर) आला तर पूर्ण कडेला थांबा, तो तुमच्यासाठी थांबू शकत नाही.

परतल्यावर एक काम

घरी पोहोचल्यावर सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा-कस्टम्स खात्याच्या) संकेतस्थळावर आय-९४ पुन्हा उघडा. पासपोर्ट लवकर संपत असेल तर नाक्यावर नव्या आय-९४ ची मुदतही तिथपर्यंतच कापलेली असू शकते, आय-७९७ वर पुढची तारीख असली तरी. तसं दिसलं तर ती तारीख येण्याच्या काही महिने आधीच कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला कळवा आणि पासपोर्ट नूतनीकरणाला टाका.