अंग पुसताना अब्रू राखायची ती अशी

वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसाची अब्रू सहसा कुणी मुद्दाम घालवत नाही. ती घाईत जाते. निम्मं अंग पुसून झाल्यावर टॉवेल आठवतो, मावशी आणायला धावतात आणि आजी तशाच उघड्या पडून राहतात. म्हणून पडदा ओढण्याआधी सगळं कॉटशेजारी हवं: साबणाच्या आणि साध्या पाण्याचे दोन टब, चार नॅपकिन, दोन टॉवेल, मोठी सुती चादर, धुतलेले कपडे, डायपर, हातमोजे.

पाणी चाळीस अंशांच्या आसपास, कोपराला सोसेल इतपत. साताऱ्याच्या थंडीत ते लवकर निवतं, म्हणून गरम पाण्याची किटली जवळ ठेवा. पंखा बंद, खिडकी बंद. मग सांगा, "आजी, डावा हात पुसते हं, चालेल ना?" आणि उत्तराला थांबा. विस्मरण झालेल्यांनाही विचारायचंच. हात आखडला, तोंड फिरवलं, तर ते उत्तरच आहे, अर्ध्या तासानं पुन्हा या.

गळ्यापासून पायापर्यंत चादर घाला, मगच चादरीखालून कपडे काढा. एका वेळी एकच अवयव बाहेर: पुसा, कोरडा करा, झाका. गुप्तांग शेवटी, पाणी आणि नॅपकिन बदलून. बायकांचं पुढून मागेच पुसायचं. उलट केलं की लघवीला जंतुसंसर्ग होऊ शकतो. स्वतःला जमत असेल तर नॅपकिन हातात द्या आणि पाठ फिरवा. बाईमाणूस हवं की पुरुष, हे दाखल करतानाच विचारून फाइलला लिहा.

पडदा स्प्रिंगच्या तारेवर नको. तार मधे झोळते आणि नेमकी मधेच फट पडते. पाइप बसवा, दोन पडदे वीतभर एकमेकांवर येऊ द्या. लघवीच्या पिशवीला कापडी खोळ शिवा; पिशवी मात्र मूत्राशयाच्या खालीच टांगलेली, जमिनीला न टेकलेली.

जन्मभर लुगडं नेसून डोक्यावर पदर घेतलेल्या सांगलीकडच्या आजीला नुसत्या गाऊनमध्ये उघडं वाटतं. गाऊन सोयीचा असला तरी वर ओढणी द्या. आजोबांची टोपी उशाशी, हात पोचेल अशी. घरी तात्या म्हणत असतील तर तात्याच म्हणा, आणि अहो-जाहोच.

वाढदिवसाला फळं वाटायला पाहुणे येतात, मोबाइल बाहेर निघतात. फोटोआधी त्या माणसाचा होकार हवा, मुलाचा किंवा संस्थेचा चालत नाही. ज्यांना कळत नाही त्यांचा फोटो काढूच नये. हा नियम दारावर लिहा, देणगीदारांना फोनवरच सांगा. आल्यावर अडवलं की दोघांनाही अवघडतं. डायपर किती बदलले, जुलाब कुणाला, हे कामाची पाळी बदलताना ऑफिसात दार लावून बोला. पॅसेजमध्ये बोललेलं शेजारच्या कॉटवर ऐकू जातं.