झाडांशी गट्टी करायला निघताय? या चुका टाळा

झाडं ऐकणं, खोडांचे ठसे घेणं आणि जंगलात सावकाश चालणं, या तिन्ही गोष्टींना फारसं सामान लागत नाही. तरीही त्या फसतात. कधी घाई नडते, कधी ऐकीव माहिती.

चालताना

जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकु' म्हणजे वनस्नान ही कल्पना मांडली. आपल्याकडे मात्र तिचा बरेचदा ट्रेक होतो. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असलं की पाय आपोआप उचलले जातात. ते काढून ठेवा. तासाभरात पाऊण किलोमीटर चाललात तरी पुष्कळ झालं. मन भरकटायला लागलं की त्याच्याशी झटापट नको. टाच, चवडा, बोटं या क्रमाने पाऊल कसं टेकतंय तेवढं पाहत राहा.

गटात आठ-दहांपेक्षा जास्त माणसं नकोत. मागच्याला ऐकू जावं म्हणून पुढचा ओरडून बोलू लागला की पक्षी गप्प होतात.

अनवाणी चालण्याचा आग्रह टेकड्यांवर धरू नये. बाभूळ, बोर, हिवर यांचे वाळके काटे पाचोळ्याखाली दिसत नाहीत. हौसच असेल तर दहा-पंधरा पावलांची पट्टी आधी झाडून घ्या आणि तेवढ्यातच चाला.

ऐकताना

खोडाला स्टेथोस्कोप लावला की पाणी वर चढताना ऐकू येतं, असं हमखास सांगितलं जातं. येत नाही. काष्ठातलं पाणी फार संथ चढतं, त्याचा कानाला कळेल असा आवाज होत नाही. झाडाला पाण्याची ओढ बसली की जलवाहिन्यांमधली पाण्याची धार तुटते आणि बारीक टिचक्या होतात. पण त्या मुख्यतः २० किलोहर्ट्झच्या वरच्या, म्हणजे माणसाच्या कानापलीकडच्या. 'खळखळ ऐकू आली' असं कुणी म्हणालं, तर ती बहुधा त्याच्याच बोटांची किंवा नळी कपड्याला घासल्याची खरखर असते.

म्हणून स्टेथोस्कोप टाकून द्यायचा असं नाही. वाऱ्याने हलणाऱ्या फांद्यांची कुरकुर त्यातून छान ऐकू येते. त्यासाठी हातभर घेराचं, गुळगुळीत सालीचं झाड निवडा. अर्जुन किंवा पेरू चालेल. आंब्याच्या खरबरीत सालीवर चकती नीट बसत नाही, मध्ये हवा राहते आणि आवाज विरतो. जागा सपाट करायला साल तासू नका, तिच्या आतल्या थरातूनच झाडाचं अन्न वाहतं. चकती टेकवल्यावर हात हलवायचा नाही, नळी अंगापासून लांब धरायची आणि वाऱ्याची झुळूक येईपर्यंत थांबायचं.

पानाला चिमटे लावून 'झाडाचं संगीत' ऐकवणारी यंत्रं पानातल्या विद्युतरोधाचे बदल मोजतात. कोणत्या बदलाला कोणता सूर लावायचा, ते यंत्रातलं सॉफ्टवेअर ठरवतं. गंमत म्हणून ठीक आहे, पण झाड गातंय असं मुलांना सांगू नये.

खरं तर कुठलंही यंत्र न वापरता झाडं पुष्कळ बोलतात, फक्त हंगाम साधावा लागतो. पिंपळाचं पान लांब, लवचीक देठामुळे जराशा वाऱ्यानेही सळसळतं. शिरीषाच्या वाळक्या शेंगा उन्हाळ्याच्या तोंडावर खुळखुळतात. समुद्रकाठच्या सुरूच्या बनात वारा शीळ घालतो. पानगळीत सागाचं पान पडतं तेही ऐकू येईल इतक्या जोराने.

ध्वनिनकाशा, म्हणजे आजूबाजूच्या आवाजांचं चित्र, काढताना आल्या आल्या पेन्सिल उचलणं ही नेहमीची चूक. पाच मिनिटं नुसतं बसा, तुमच्या येण्याने गप्प झालेलं रान पुन्हा बोलू लागेल. मग कागदाच्या मध्यावर फुली मारा, ते तुम्ही. पुढची पंधरा मिनिटं प्रत्येक आवाज त्याच्या दिशेला आणि अंतरावर एखाद्या खुणेने मांडा. पक्ष्याचं नाव आठवत बसू नका, नादाची रेघ काढा. तांबटाच्या टुकटुकीला ठिपके पुरतात. रस्त्यावरचा हॉर्नही गाळू नका.

मोबाइलवर आवाज टिपताना एरोप्लेन मोड लावा आणि माइकवर पातळ स्पंजचा तुकडा बसवा. फोन हातात धरण्यापेक्षा दगडावर टेकवलेला बरा. पक्षी जवळ यावा म्हणून त्याचीच हाक स्पीकरवर वाजवणं तर अजिबात नको. विणीच्या दिवसांत तो घरटं सोडून घुसखोराला शोधत फिरतो.

हात रंगवताना

खोडाचा ठसा घ्यायला ऐन उत्तम. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असते. काटेसावर टाळा. कागद ५० ते ७० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) घ्या. जाड ड्रॉइंग पेपरवर बारकावे उमटत नाहीत, तर फार पातळ कागद खोल भेगांवर फाटतो. दुहेरी ठसा आला तर कागद सरकला असं समजा. तो वर-खाली सुतळीने बांधा, खिळे किंवा स्टेपल नकोत. मेणखडूचं टोक न वापरता कागदी वेष्टन काढून खडू आडवा, एकाच दिशेने फिरवा. साल ओली असेल त्या दिवशी हा बेत रद्द.

पानाच्या ठशाला रंग जास्त झाला की शिरा बुजतात. पान आधी दोन वर्तमानपत्रांत दाबून टिपून घ्या, रंग मागच्या बाजूला स्पंजने पातळ लावा आणि पहिला ठसा रद्दी कागदावर काढा. दुसरा नेहमी सरस येतो.

एक धोका मात्र ठळकपणे सांगायला हवा. ठशासाठी मोह पाडणारी मोठी, ठळक शिरांची पानं बिब्ब्याचीही असतात. त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात. झाड ओळखता येत नसेल तर पान तोडू नका. हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगांची कुसं अंगाला लागली तर चोळू नका. आधी चिकटपट्टीने उचला, मग धुवा. उंच झाडावर आग्यामोहोळ दिसलं तर तिथे थांबायचंच नाही. अत्तर लावून तर जाऊच नये.

अभयारण्यात पानसुद्धा उचलायला मनाई असते. देवराईत जायचं तर आधी गावात विचारा. वाळकी काटकीही बाहेर नेऊ देत नाहीत अशा अनेक देवराया आहेत. तिथे रंग पिशवीतच राहू द्या आणि ध्वनिनकाशा तेवढा काढा.